नाव न घेण्याचा महिना

आमची गैक सिम सगळ्या जॉर्जटाउनात भित्री म्हणून ओळखली जायची. झुरळाला भ्यायची, विजेला भ्यायची, घरात कोणी छत्री उघडली तर भ्यायची, आणि मुलाचा फोन यायला उशीर झाला की फोन वाजल्यावरसुद्धा भ्यायची. धंदा मात्र असा, की त्यात हात जराही थरथरून चालत नाही. देवळामागच्या गल्लीत, दुकानांपुढच्या पडवीत ती दोन स्टुलं टाकून बसायची. समोर बाईला बसवायची, तिच्या तोंडाला पांढरी पावडर चोळायची आणि सुती दोऱ्याचं एक टोक दातात धरून चेहऱ्यावरची लव अशी उपटायची, की बाईच्या डोळ्यांत पाणी आणि गालांवर चकाकी एकदमच यायची. चिनी नवऱ्या यायच्या, मलय नवऱ्या यायच्या, आमच्या तमिळ पोरीही लग्नाआधी तिच्याकडेच यायच्या. तिने कोणाच्या गालाला कधी ओरखडा काढला नाही.

मी थिलगम. त्याच गल्लीच्या तोंडाशी माझी मसाला दळायची गिरणी आहे. आमच्यातली तिसरी झाहरा. ती मशिदीमागे राहते आणि लग्नाकार्यात भात शिजवून देते. आम्हा तिघींचे देव वेगळे, ताटं वेगळी, पण दुपारचा चहा माझ्या गिरणीच्या दारात आणि कुचाळक्या सगळ्यांच्या सारख्याच. मी तोंडाने फटकळ, झाहरा मनाने मऊ आणि गैक सिम दोघींच्या मध्ये जीव मुठीत धरून बसलेली. मला ती अक्का म्हणायची आणि झाहराला काक, म्हणजे मलयात ताईच.

चिन्यांचा सातवा महिना लागला की तिची पार पाचावर धारण बसायची. त्या महिन्यात खालचे दरवाजे उघडतात आणि ज्यांना मागे जेवू घालायला कोणी नाही असे मेलेले गावभर फिरायला येतात. त्यांना भूत म्हणायचं नाही, 'चांगले भाऊ' म्हणायचं. दिवेलागणीला कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाही, कारण भाऊ ऐकतात आणि ऐकलेलं नाव धरून माणसाच्या मागे लागतात. पाण्याकडे तर फिरकायचंच नाही. पाण्यात मेलेल्याला सुटायचं असेल तर स्वतःच्या जागी दुसरं कोणीतरी द्यावं लागतं.

मी या गोष्टीला हसत नाही. माझ्या सख्ख्या भावाचं नाव कुप्पुसामी, आणि आमच्यात कुप्पै म्हणजे केरकचरा. त्याच्या आधीची दोन पोरं गेली, म्हणून आईने याला कचरा ठरवून टाकलं, म्हणजे यमाने बघून न बघितल्यासारखं करावं. कचरा आज सत्तरीला आलाय आणि अजून माझ्याशी भांडतो.

गैक सिमच्या भिण्याला कारण होतं. ती बंदराकडच्या लाकडी वस्तीत वाढली. खाली समुद्र, वर फळ्यांची वाट, वाटेच्या दोन्ही अंगांना घरं. सातव्याच महिन्यात एका संध्याकाळी तिच्या आईने धाकट्या भावाला जेवायला बोलावलं. दारात उभं राहून, नावाने, मोठ्याने. पोरगं फळ्यांवर खेळत होतं. ते घरी आलं नाही, भरती उतरल्यावर सापडलं. आईने पुढे उभ्या जन्मात कोणाचं नाव तोंडातून काढलं नाही. गैक सिमला ती 'ए' म्हणायची, मरेपर्यंत.

तर अशा बाईची होणारी सून नेमकी सातव्या महिन्यात यायची होती.

मुलगा बून कियात, क्वालालंपूरला छापखान्यात. त्याने लग्न ठरवलं ते पार समुद्रापलीकडच्या, सबाहच्या मुलीशी. जोविता गुंपिल तिचं नाव. तिकडच्या कादाझान जमातीची, चर्चला जाणारी, आता क्वालालंपूरलाच दातांच्या दवाखान्यात कामाला. स्वातंत्र्यदिनाची सुट्टी तिला मिळाली, याला मिळाली नाही. म्हणून ती एकटीच रात्रीच्या बसने निघून सकाळी येणार, दिवसभर राहणार आणि संध्याकाळी परत जाणार असं ठरलं. बून कियातने शेजारच्या दुकानात फोन करून आईला बजावलं, "आई, ते तुझं चांगले भाऊ आणि वाईट भाऊ तिच्यासमोर अजिबात काढू नकोस. आधीच ती एवढ्या लांबून एकटी येतेय. कुठल्या घरात पडले म्हणून पळून जाईल."

गैक सिमची पंचाईत झाली. भीती सोडवत नाही आणि ती बोलायची पण नाही. आदल्या दिवशी तिने आमच्याकडून शब्द घेतला.

"तिला काही सांगायचं नाही. आणि तिचं नाव घ्यायचं नाही, दिवसासुद्धा. उगाच धोका नको."

"मग हाक कशी मारायची? चुटकी वाजवून?" मी विचारलं.

"वाईट नावाने. कोणाला हवंसं वाटू नये असं." तिने बराच विचार केला. "सडकी पपई."

झाहराने कप खाली ठेवला. "गैक, पोरगी पहिल्यांदा घरी येतेय. माझी सासू मला पहिल्या दिवशी नुसतं 'वाळकी आहे' म्हणाली होती, ते मी अजून विसरले नाही."

"तुझी सासू वाईट मनाने म्हणाली होती, काक. मी चांगल्या मनाने म्हणणार."

"ते पोरीला कसं कळणार?"

गैक सिम नुसती दोरा बोटांना गुंडाळत बसली.

आमचं गाव बेटावर, बस पलीकडच्या काठाला थांबते, म्हणून सकाळी आम्ही तिघी फेरीच्या धक्क्यावर गेलो. पोरगी उतरली. उंच, सडसडीत, कमरेपर्यंत केस, खांद्याला एक पिशवी आणि हातात कापडाचं गाठोडं. गाठोड्यात घरच्या शेतातला लाल तांदूळ होता. ती नीट वाकली आणि म्हणाली, "आंटी, मी जोविता."

पाण्याच्या काठावर, स्वतःच्या तोंडाने, स्वतःचं नाव. गैक सिमच्या तोंडचं पाणी पळालं. "शू," ती म्हणाली. होणाऱ्या सुनेशी बोललेला तिचा हा पहिला शब्द. मग तिचं मनगट धरून तिला ओढतच धक्क्यावरून बाहेर काढलं. "चल, सडक्या पपये, ऊन चढतंय."

पोरगी हसली. तिला वाटलं थट्टा आहे.

तिला गाव दाखवायचं म्हणजे आम्ही रोज जिथे जातो तिथे तिला न्यायचं, दुसरं काय. चहाच्या दुकानात अर्धकच्ची अंडी आणि भाजलेला पाव खाल्ला. माझ्या गिरणीत तिने धण्याच्या पोत्यात हात घातला, मिरचीच्या वासाने सात-आठ शिंका दिल्या आणि प्रत्येक शिंकेनंतर माफी मागितली. मला ती तिथेच आवडली. देवळात उदबत्त्यांच्या धुरात डोळे चोळत उभी राहिली, मशिदीच्या अंगणात चपला काढून झाहराच्या शेजारी सावलीत बसली. सगळं विचारायची. हे कसलं झाड, ते कसलं पीठ, तुम्ही तिघी भांडता का. आणि प्रत्येक ठिकाणी गैक सिम तिच्या एक पाऊल मागे, डोळ्यांत तेल घालून. कोपऱ्यावर कोणी भावांसाठी नैवेद्याचे कागद जाळले असले, राख उरलेली असली, की तिला बाजूला ढकलायची. "बघून चाल, सडके." गटाराच्या कडेला कोणी मेणबत्ती आणि भाताची मूद ठेवली असली की, "आंधळी आहेस का, पपये?"

गावातल्या मोठ्या चर्चमध्ये मात्र गैक सिम जरा सैल पडली. पोरगी पुढे गुडघे टेकून बसली होती. गैक सिम मला कुजबुजत म्हणाली, "अक्का, ते इथे आत येत असतील का?"

"मला काय विचारतेस? माझा मुरुगन इथे राहत नाही."

"काक, तुला काय वाटतं?"

झाहराने वर बघितलं. "मला माहीत नाही. पण खांब जाड आहेत."

तेवढ्यावर समाधान मानून ती पोरीच्या पाठीकडे बघत बसली. पुटपुटली, "केस किती छान आहेत. अशा केसांवर कोणाचीही नजर जाईल." हे ती कौतुकाने म्हणत नव्हती. तिच्या कपाळाला घाम आला होता.

दुपारी झाहराकडे जेवलो. पोरीने दोनदा भात घेतला आणि ताटं विसळायला आत गेली. थोड्या वेळाने झाहरा पडलेल्या तोंडाने बाहेर आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "ती विचारत होती, आंटीला मी आवडले नाही का. म्हणाली, सकाळपासून त्यांनी एकदाही माझं नाव घेतलं नाही. त्यांना माझं नाव तरी माहीत आहे का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? शब्द दिलाय ना. म्हटलं, तिची पद्धतच तशी आहे."

"छान. म्हणजे आता ती पद्धत जन्मभर पुरेल असं तिला वाटणार."

रात्रभर बसमध्ये जागलेली पोरगी झाहराच्या चटईवर झोपली. उन्हातच तिला परत धाडायचं ठरलं होतं, पाण्यावर अंधार पडायच्या आत. वेळ झाली तरी गैक सिम तिला उठवेना. झोपलेल्याला एकदम उठवलं तर जीव बाहेर राहतो म्हणे. ती उशाशी बसून राहिली. एकदा खिडकीतल्या उन्हाकडे बघायची, एकदा पोरीच्या तोंडाकडे, आणि हात पुढे नेऊन मागे घ्यायची. पोरगी आपण होऊन उठली तेव्हा भिंतीवरचं ऊन गेलं होतं.

घाईघाईने निघालो. धक्क्याकडची वाट देवळावरून जाते, आणि देवळापुढे त्या दिवशी नाटकाचा मंच घातलेला. ढोल वाजत होते, रंगवलेली तोंडं पडद्याआडून डोकावत होती. रस्ता माणसांनी भरून गेला होता. मंचासमोर खुर्च्यांची पहिली रांग मात्र पूर्ण रिकामी. ती चांगल्या भावांची. आमच्या गावात लहान पोरसुद्धा त्या रांगेत पाय ठेवत नाही. त्या सबाहच्या मुलीला हे कोण सांगणार? आम्ही तर शब्द दिलेला. तिचे पाय दुखत होते, खुर्ची रिकामी होती, ती बसली.

गैक सिमने किंकाळी फोडली नाही, तेवढंच. गर्दीत घुसली, पोरीचा दंड धरला आणि तिला असं खेचलं की खुर्ची उलटली. "ऊठ, सडके. तुझी जागा नाही ती. ऊठ म्हणते ना." मागची माणसं हसली. पोरगी लाल झाली. आणि नेमका तेव्हाच चहाच्या दुकानाचा मालक, म्हातारा आह लिओंग, पुढे आला. "गैक सिम, कोण गं ही? तुझी सून काय?"

रिकाम्या रांगेपुढे, मावळत्या उजेडात, त्याने तो शब्द उच्चारला. गैक सिमने एकदा खुर्च्यांकडे बघितलं. 

"माझी कोणी नाही," ती मोठ्याने म्हणाली, खुर्च्यांनाही ऐकू जावं म्हणून. "माझी कोणी लागत नाही ही. रस्त्यात भेटली."

मी पोरीच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं, दिवसभर जे काही शिल्लक राहिलं होतं ते आता गेलं. तिने पिशवी खांद्यावर सारखी केली. झाहराला म्हणाली, "आंटी, मी तोंड धुऊन येते." आणि गर्दीत शिरली.

आम्ही वाट बघितली. ढोल थांबले, पुन्हा वाजले. ती आली नाही. देवळाच्या नळापाशी नव्हती, मागच्या अंगणात नव्हती. उजेड पातळ होत चालला होता. रस्त्याच्या कडेला लोक कागदाचे ढीग पेटवायला लागले, धूर कमरेपर्यंत पसरला, आणि धुरातून जाणारं प्रत्येक माणूस मला अर्धंच दिसायला लागलं. माझ्या काळजात धस्स झालं. मी सगळ्यांची थट्टा करणारी बाई, पण परगावची पोरगी, ओळख ना पाळख, रडत गेलेली.

झाहरा तोंडाशी हात नेऊन ओरडायला लागली, "जो—"

गैक सिमने तिच्या तोंडावर तळवा दाबला. इतका जोरात, की झाहराचे डोळे बाहेर आले. "नाही," गैक सिम म्हणाली.  "आता नाही. त्यांनी तिला खुर्चीत बघितलंय. नाव तेवढं कळायचं राहिलंय."

"अगं पण शोधायची कशी?"

"डोळ्यांनी."

आणि आम्ही तिघी म्हाताऱ्या मुक्याने गल्ल्या धुंडाळायला लागलो. कोणाला विचारायची सोय नाही. विचारलं तर नाव सांगावं लागेल. शिंप्याच्या गल्लीत गेलो, सोनारांच्या गल्लीत गेलो, माझ्या गिरणीच्या बंद दारापर्यंत जाऊन आलो. लांब केसांची पाठ दिसली की धावत जायचं आणि पुढून बघायचं. एक बाई आम्हाला घाबरून दुकानात शिरली. गैक सिम मध्येच थांबायची, जळत्या कागदांपुढे हात जोडायची, ओठ हलवायची आणि पुन्हा धावायची.

शेवटी माझा तोल गेला. "पुरे झालं, गैक. कोणी तिला नेलेलं नाही. ती चिडून गेलीय. तू घालवलीस तिला."

ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "तसंच असू दे, अक्का," ती म्हणाली. "चिडून गेली असू दे. मला जन्मभर शिव्या घालू दे. चिडलेलं माणूस कुठेतरी असतं तरी."

तेव्हा झाहराला सुचलं. "पिशवी. पिशवी तिच्याजवळच होती ना? मग ती बसलाच गेली असणार. फेरीवर."

फेरी, म्हणजे पाणी. गैक सिमच्या नरड्यातून जो आवाज निघाला तो मी कोणाच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. पण पहिली पळाली तीच. सपाता हातात घेऊन, अनवाणी. या महिन्यात, या वेळेला ती धक्क्याकडे लहानपणापासून कधी गेली नव्हती.

फेरी लागलेली होती. माणसं चढणीवरून आत चालली होती, आणि फाटकाशी उभा असलेला माणूस साखळी ओढायच्या बेतात होता. फाटकापलीकडे, गर्दीत, ते केस. तीच. फळ्यांच्या फटीतून खाली काळं पाणी हलताना दिसत होतं, आणि ते गैक सिमने बघितलं. कठड्याला धरून ती तिथेच थिजली. मला तर इतकी धाप लागली होती की एक पाऊल पुढे टाकवत नव्हतं.

"ए पोरी," मी ओरडले. दहा पोरी वळल्या, ती वळली नाही.

"सडके पपये," झाहरा रडवेल्या आवाजात ओरडली. मी बघितलं, पोरीचे खांदे ताठ झाले. तिने ऐकलं होतं. ती अधिकच भरभर चालू लागली. साखळी खुळखुळली.

आता काय उरलंय ते आम्हा तिघींनाही माहीत होतं. झाहराने गैक सिमकडे बघितलं. गैक सिमने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. लहान मुलाला आकडी येते तशी ती कापत होती. तिने एकवार खाली, फटीतल्या पाण्याकडे बघितलं.

"जोविता," ती ओरडली. "जोविता गुंपिल. जोविता."

आवाज छताला लागून पाण्यावर गेला. पोरगी थांबली. सावकाश वळली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट दिसलं नाही, माझेच डोळे भरून आले होते. ती उलटी, माणसांना ढकलत परत यायला लागली, आणि फाटकवाला कुरकुरत साखळी धरून उभा राहिला.

पण गैक सिम तिच्याकडे बघतच नव्हती. ती कठड्यावर ओणवी झाली होती, तोंड पाण्याकडे करून.

"लिम गैक सिम," ती पाण्याला ओरडून सांगत होती. "ऐका. लिम गैक सिम. देवळामागची गल्ली, हिरवं दार, वरचा मजला. मी घरीच असते. लिम गैक सिम. ती परक्या गावची आहे, तिचं नाव सोडा. माझं घ्या. लिम गैक सिम." आवाज फाटला तरी थांबेना. नाव, गल्ली, दार. नाव, गल्ली, दार. फेरीने भोंगा दिला तेव्हा भोंग्याच्याही वर ती ओरडली, म्हणजे त्यांना नीट ऐकू जावं.

जोविता माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "आंटी कोणाला सांगताहेत?"

मी शब्द मोडला. सातवा महिना सांगितला, खुर्च्या सांगितल्या, नाव का घ्यायचं नाही ते सांगितलं. आईने हाक मारलेला तो भाऊ सांगितला. पोरगी ऐकत होती. माझं संपायच्या आधीच ती पुढे गेली आणि तिने गैक सिमला मागून दोन्ही हातांनी कमरेला धरून कठड्यावरून मागे ओढलं.

"आई," ती म्हणाली, "चला इथून."

गैक सिम दचकली. पाठमोरीच, मान न वळवता तिने तिचे हात घट्ट पकडले. "तसं म्हणू नकोस," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अजून नको. ऐकताहेत ते. महिना संपू दे."

"मग काय म्हणू?"

"वाईट काहीतरी म्हण."

जोविताने बाहीने नाक पुसलं. फेरी सुटली होती, आता ती रात्री आमच्याकडेच राहणार होती. "नासक्या म्हातारे," ती म्हणाली, आणि तिला रस्त्याकडे वळवलं. "चल. चल घरी."

गैक सिमने मान हलवली. तेवढं चालेल, म्हणाली.